मागची अर्धी घोडी

रत्नागिरी
१४ ऑगस्ट १९८५

रघू,

प्रिय वगैरे लिहिणार नाही. तुझं पत्र काल आलं. वर शारजाचा शिक्का बघून मला आधी वाटलं, पोस्टमनने चुकून आमच्याकडे टाकलं. कारण माझ्या माहितीप्रमाणे तू मिरजेला गेलायस, आपल्या काजू घोडीचे नाल आणायला. "परवा येतो मालन, तोवर तिला कातळावर नेऊ नको," असं सांगून एसटीत चढलास. मी स्टँडवर उभी राहून हातसुद्धा हलवला, मूर्खासारखा. मिरजेला नाल आणायला निघालेला माणूस शारजाला पोचतो, ही कुठली एसटी रे? मला पण नंबर सांग, कधी लागला तर.

पत्रात तू लिहिलंयस, अचानक व्हिसा आला, सांगायला वेळ मिळाला नाही. पासपोर्टही अचानक आला का? फोटो काढायला तूच मला बरोबर घेऊन गेला होतास स्टुडिओत. "एसटीच्या पासाला हवेत" म्हणालास. मी तुझी कॉलर नीट केली होती.

असो. मी फक्त घोडीबद्दल लिहितेय.

गावात रिक्षा आल्या आणि रावजीकाकांचा टांगा बसला, तेव्हा ते काजूला विकायला निघाले होते. ती घोडी आपण दोघांनी मिळून घेतली. माझी शाळेतली नोकरी नवीन होती, तुझी कॅनिंग फॅक्टरीतली. दोघांचे मिळून जेमतेम जमले. तेव्हा तूच वाटणी केलीस. पुढची अर्धी घोडी माझी, मागची अर्धी तुझी. म्हणजे दाणापाणी मी बघायचं आणि शेण तू काढायचं. रावजीकाका एवढे हसले की त्यांना ठसका लागला. तू छातीवर हात ठेवून म्हणालास, मागची अर्धी मी जन्मभर सांभाळीन.

आता दोन्ही अर्ध्या मी सांभाळतेय. शेणसुद्धा. शाळेत जायच्या आधी.

आणखी जे काही ठरलं होतं ते मी लिहीत नाही. गोठ्यावर कौलं चढली की घरी विचारायला येतो म्हणाला होतास, ते मी विसरले. कौलं चढली. मीच चढवली. आई खालून ओरडत होती, मुलगी पडेल, मुलगी पडेल. पडले नाही.

मालन

*

रत्नागिरी
२ नोव्हेंबर १९८५

रघू,

तू विचारलंस, काजू कशी आहे. तर ऐक.

नाल नसताना पावसाळा काढला तिने. पुढच्या उजव्या खुराला चीर गेली. कातळावर पाय टाकला की मान खाली घालायची. मी इंग्रजी पुस्तकात वाचून खुराला काय काय लावलं. रावजीकाका म्हणाले, "पोरी, पुस्तक ठेव, आधी तिला कोरड्यात बांध." दोन्ही केलं. कशाने बरं वाटलं माहीत नाही. श्रेय मात्र काकांनी घेतलं.

सकाळी मी केजीच्या वर्गात असते. चाळीस पोरं, सगळ्यांची नाकं वाहतात, आणि सगळ्यांशी इंग्रजीत बोलायचं. परवा एकाने विचारलं, टीचर, तुमच्या अंगाला कसला वास येतो? मी म्हटलं, हॉर्सचा. तेव्हापासून पोरं मला हॉर्सटीचर म्हणतात. दुपारी वकिलाकडे टायपिंग करते. वकीलसाहेब पंखा माझ्या दिशेने फिरवत नाहीत, वास त्यांच्याकडे जातो म्हणून. आई म्हणते, घोडा पाळतेस आणि स्वतः गाढवासारखी राबतेस. बाबा मात्र परवा कोर्टातून येताना चण्याची पिशवी घेऊन आले आणि गोठ्यात ठेवून गेले, कोणी बघत नाहीसं पाहून.

हल्ली घोडेवाले सगळे असेच झालेत. रावजीकाका मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात वॉचमन लागले. स्वतःची घोडी उरली नाही, पण पगारातून काजूला गूळ आणतात. म्हणतात, "तीन पिढ्या घोड्यांनी आमाला पोसला, आता आमी त्यांना पोसतो, फिटंफाट." हर्णेचा केरू आठवतो ना, किनाऱ्यावर पोरांना घोड्यावर फिरवणारा? तो आता संध्याकाळी मासळीच्या लिलावात टोपल्या उचलतो. त्याचा घोडा त्याला जवळ येऊ देत नाही, वास येतो म्हणून. त्याच्यासाठीच उचलतो टोपल्या, आणि तोच तोंड फिरवतो. केरू सांगताना हसत होता. मला नाही हसू आलं.

तू काय करतोस तिथे? क्रेनवर आहेस म्हणालास. एसी केबिन आहे म्हणालास. बरं आहे.

मी तुला एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. मी भांडखोर नाही, पण मी विसरत पण नाही. यात काजू माझ्यावर गेलीय.

मालन

*

रत्नागिरी
१९ जानेवारी १९८६

रघू,

"मालन, भावना बाजूला ठेव आणि प्रॅक्टिकल हो. घोडी विकून टाकू. मी इथून गिऱ्हाईक बघतो."

हे तुझं वाक्य. मी वर्गातल्या फळ्यावर लिहिणार होते, मग वाटलं, पोरांना मराठी वाचता येत नाही, फुकट जाईल.

तू शारजात बसून गिऱ्हाईक बघणार? नाल बघायला मिरजेपर्यंत जाता आलं नाही तुला.

हे घे प्रॅक्टिकल. वकिलाकडची नोकरी सोडली. संध्याकाळचं दुसरं काम धरलंय. कुठलं ते सांगणार नाही. तुला लाज वाटेल, आणि तुझ्या आईला तर फारच. आमच्या आईला वाटलीच. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गो, निदान डोक्याला रुमाल तरी बांध, ऊन लागतं." म्हणजे झालं.

या कामात काजू माझ्याबरोबर असते. तिच्या पायाला नाल बसलेत. कुठून आले ते विचारू नको. अंगावर मांस आलंय. संध्याकाळी पाच वाजायला आले की गोठ्यात पाय आपटते, चल म्हणते. आणि रस्ता तिला असा पाठ झालाय की मी लगाम मांडीवर टाकून वह्या तपासत बसते. रावजीकाका म्हणतात, टांग्याची जात आहे, एकदा शिकली की मरेपर्यंत जात नाही.

ती विकायची नाही. अर्धी तुझी आहे हे मी नाकारत नाही. मागची अर्धी तू येऊन घेऊन जा. पुढची इथेच राहील.

मालन

*

रत्नागिरी
२२ मार्च १९८६

रघू,

तुझी आई येऊन गेली. पालीहून टॅक्सी करून आल्या कमलामावशी. लाडू आणले होते. मला वाटलं, त्या माझ्यासाठी काही बोलायला आल्यात. आईलाही वाटलं असावं, कारण तिने चांगल्या कपबश्या काढल्या.

मावशींनी लाडवाचा डबा उघडला आणि म्हणाल्या, रघूचं ठरलं. लांज्याची मुलगी, तुळसा नाव, दहावी झाली, रंग उजळ. मेमध्ये लग्न. नाचणे रोडला तुझं स्लॅबचं घर पूर्ण होतंय, लग्न झालं की सासू-सून तिथेच राहणार.

मी लाडू खाल्ला. चांगला होता. बेसन जरा कच्चं होतं.

मग मुद्द्यावर आल्या. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वरात काढायची, मुंबईसारखी, नवरदेव घोडीवर. घोडाही नाही चालत, घोडीच हवी, आणि अख्ख्या रत्नागिरीत धड घोडी एकच. "आमचीपण अर्धी हायच ना गो?" असं म्हणाल्या.

मी म्हटलं, "हो मावशी. मागची."

त्यांना कळलं नाही. आईला कळलं. ती कपबश्या उचलून आत गेली.

पुढचं मावशींनी निघताना सांगितलं, चप्पल घालता घालता. पाचगणीहून गंगाराम नावाचे कोणी शेठ येणार, टेबललँडवर पर्यटकांना घोड्यावर बसवतात ते. तू त्यांना पत्र लिहिलंस. वरातीत ते घोडीची चाल बघणार, आणि पसंत पडली की दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये घालून नेणार. तुझा शब्द गेलाय.

म्हणजे माझ्या घोडीवर बसून तू लग्नाला जाणार, आणि तिथूनच ती ट्रकमध्ये. माझ्याशी एक शब्द नाही. चपलेबरोबर निरोप.

मी ओरडेन असं वाटलं असेल तुला. मी नुसतं विचारलं, वरात कुठून कुठे? मावशी म्हणाल्या, मारुतीच्या देवळापासून कार्यालयापर्यंत, पाच वाजता. म्हणजे आमच्या आळीतून.

मी म्हटलं, छान. घेऊन जा. मी स्वतः सजवून देईन.

मालन

*

१ मे १९८६
(रावजीकाकांच्या हातून)

रघू,

आलास म्हणे. कालपासून गावात तुझ्या अत्तराचा वास आहे असं लोक सांगतात.

घोडी तयार आहे. खरारा केलाय, आयाळ विणलीय, पायात घुंगरू बांधलेत. दोन अटी आहेत. लगाम रावजीकाका धरतील, दुसरं कोणी नाही. आणि तिला घाई करायची नाही. ती तिच्या चालीने कार्यालयाच्या दिशेलाच जाते, निश्चिंत बस.

मी वरातीत नसेन. घरी काम आहे.

शुभेच्छा.

मालन

*

रत्नागिरी
९ जून १९८६

रघू,

तू परत शारजाला गेलास असं कळलं. तर आता सगळं लिहिते. तू वर बसला होतास, तोंडावर मुंडावळ्या होत्या, तुला अर्ध्या गोष्टी दिसल्या नसतील. मला एकही सोडायची नाहीये.

माझं संध्याकाळचं काम म्हणजे पाव विकणं. खाडीकडच्या बेकरीतून माल उचलायचा आणि आळीत दारोदार द्यायचा. रावजीकाकांच्या टांग्याच्या सीटा काढून तिथे पत्र्याची पेटी बसवली. पुढे रबरी भोंगा. काजू ओढते, मी विकते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी पाव विकते म्हणून सुरुवातीला लोक खिडकीतून बघायचे, मग पाव गरम असतात हे कळल्यावर दारात यायला लागले.

काजूची एक पद्धत आहे. ठरलेल्या दाराशी ती आपणहून थांबते. घरातली बाई बाहेर येते, पाव घेते, आणि पावाची एक कडक कड तिला देते. कड मिळाल्याशिवाय काजू पुढचं पाऊल टाकत नाही. मी शिकवलेलं नाही. आनंदीबाईंनी पहिल्या दिवशी दिली, दुसऱ्या दिवशी घोडीने मागितली, मग आळीचा नियमच झाला.

तू लिहिलं होतंस ना, मी शांतपणे विचार करावा. केला. वरातीच्या आधी दोन दिवस मी फेरी बंद ठेवली. आळीतल्या सगळ्यांना सांगितलं की परवा पाचच्या ठोक्याला घोडी येईल, मी नसेन, पण तुम्ही दाराशी या. यात एक अक्षर खोटं नव्हतं. दोन दिवसांत सगळ्यांच्या घरातले पाव संपले आणि काजूला कड मिळाली नाही. बस, एवढंच केलं मी. बाकी तुझ्या शब्दाने झालं, पाच वाजता, आमच्या आळीतून.

पहिलं दार आनंदीबाईंचं. बँड जोरात, पुढे तुझे मामा नाचतायत, आणि काजू थांबली. तुझे मामा नाचत बरेच पुढे गेले, मग मागे वळून बघतात तर नवरदेव नाही. आनंदीबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्या पिशवी घेऊन आल्या आणि सरळ तुझ्या गुडघ्याला हात लावून म्हणाल्या, "एक लादी दे रे बाबा. आणि मागच्यासारखी जळकी नको." मग त्या म्हणाल्या, "हा नवीन पोरगा कोण? आणि तोंडाला झालर कशाला लावलीय याने?"

हे मला आनंदीबाईंच्या पलीकडच्या यमुनाबाईंनी सांगितलं. दोनदा सांगितलं. मीच सांगायला लावलं.

मामांनी लगाम ओढला. काजूने कान मागे टाकले. तू टाच मारलीस, हो, मला कळलंय, नवीन बुटांची. ती दगड झाली. मामा काकांवर खेकसले, अरे हाकल ना तिला. रावजीकाका म्हणाले, "मी काय हाकलू? घोडी ड्युटीवर हाय."

मग कोणीतरी तिला पेढा दिला. तिने थुंकून टाकला. तो तुझ्या आतेभावाच्या सुटावर पडला. काका म्हणाले, पावाची कड आणा, मंग जाईल. वरातीतली माणसं पेढे-बर्फी घेऊन फिरतायत आणि पावाची कड कोणाकडे नाही. शेवटी यमुनाबाई स्वतःच्या घरातून शिळी कड घेऊन आल्या. काजूने खाल्ली आणि चालू लागली. यमुनाबाईंचं दार पुढचंच. तिथे परत थांबली. यमुनाबाई धावत मागे, आता त्यांच्याकडे कड संपलेली. शेवटी मामांनी एकाला बेकरीत पिटाळलं, तो कडांची पिशवी घेऊन आला, तेव्हा फेरी पुढे सरकली.

तोपर्यंत आळीतली पोरं जमली होती. ती घोडीच्या मागे पों पों करत चालली. बँडवाल्यांनाही मजा आली असणार, कारण त्यांच्यातल्या एकाने ट्रंपेटवर तसाच आवाज काढला. तो ऐकून उरलेल्या घरांतल्या बाया टोपल्या घेऊन बाहेर आल्या. सोनूबाईंची सून तर तुझ्याशी भांडलीच, मागची बटरं नरम होती, बदलून हवीत. तू तिला म्हणालास, "बाई, माझं लग्न आहे." ती म्हणाली, "मग मी काय करू? बटरं नरम ती नरम."

तुझे पाचगणीचे गंगारामशेठ आधी हसत होते. चौथ्या दारापासून त्यांचं हसू गेलं. काकांच्या बाजूला येऊन म्हणाले, "मला टेबललँडवर माणसं फिरवायचीत. हे जनावर प्रत्येक माणसापुढे थांबून खायला मागेल. माझा धंदा बसवायचाय का?" काका म्हणाले, "घोडी लय हुशार हाय, शेठ." शेठ म्हणाले, तेच तर वाईट. आणि तिथूनच एसटी स्टँडला गेले, जेवायलाही थांबले नाहीत. ट्रकवाल्याला परत पाठवलं.

रघू, मला तेवढंच हवं होतं. खरं सांगायचं तर तेवढंच नको होतं. पण घोडी राहिली, हे पहिलं.

आता शेवटचं दार. काजूची फेरी कुठे संपते? आमच्या फाटकात. तिथे तिची बादली असते, कोंडा आणि गूळ. ती वळणार हे मला माहीत होतं. मी अंगणात बादली घेऊन उभीच होते. हेच माझं घरचं काम होतं.

बँड सरळ कार्यालयाकडे गेला आणि तू घोडीबरोबर आत आलास. फाटकातून वाकून आलास, पण आईची कपड्यांची दोरी तुला दिसली नाही. तुझा फेटा दोरीवर अडकून राहिला, माझ्या शाळेच्या साडीच्या आणि बाबांच्या बनियनच्या मध्ये. फाटकाबाहेर अख्खी वरात. कमलामावशी गर्दीतून पुढे येत होत्या. आणि काजू बादलीत तोंड घालून खात होती, पाठीवर कोण आहे याचं तिला काही नव्हतं.

तू उतरलास. उतरताना तुझा हात माझ्या खांद्यावर पडला, पूर्वीच्या सवयीने. मी खांदा काढून घेतला नाही, कारण हातात बादली होती.

तू हळूच विचारलंस, "हे तू शिकवलंस तिला?"

मी म्हटलं, "नाही. हे तिचं काम आहे. तू गेल्यावर तिने नोकरी धरली."

तू खाली बघितलंस. तिच्या खुरांकडे. मला वाटलं होतं तू बघणार नाहीस, पण बघितलंस. म्हणालास, "नाल चांगले आहेत."

"मिरजेचे आहेत," मी म्हटलं. "सकाळच्या एसटीने गेले, रात्रीच्या एसटीने आले. रस्ता तिथेच आहे, रघू. हलला नव्हता."

ते वाक्य मी किती महिने तोंडात धरून होते ते तुला कळणार नाही. रोज शेण काढताना म्हणून बघायचे. कधी मोठ्याने, कधी हळू. त्या दिवशी ठरवलं होतं मोठ्याने म्हणायचं, सगळ्या वरातीला ऐकू जाईल असं. पण हळूच आलं. फक्त तुला आणि काजूला ऐकू आलं. याचा मला अजून राग आहे, तुझा नाही, माझा.

मग तू दोरीवरून फेटा काढलास आणि कार्यालयापर्यंत चालत गेलास. काखेत फेटा, मागे पोरं पों पों करत. तुझ्या आईने माझ्याकडे असं बघितलं की मी साडीचा पदर खोचला, भांडायला तयार. पण त्या फक्त म्हणाल्या, "त्या घोडीला पाणी पाज गो, दमलीय ती." हे मात्र मला अपेक्षित नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्षता टाकायला मी आले नाही. दूरवरून मंगलाष्टकं ऐकू येत होती. मी काजूच्या आयाळीतली वेणी सोडवत होते. घट्ट बसली होती, वेळ लागला.

मालन

*

रत्नागिरी
४ सप्टेंबर १९८६

रघू,

तुझं पत्र पोचलं. एवढा राग करायचं कारण नाही. तुझ्या खोलीतला जयगडचा पोरगा तुला पाववाला म्हणतो यात माझा काय दोष? बातम्या विमानाने जातात हे मला काय माहीत? तुला तर माहीत असायला हवं होतं, तू पण गुपचूप विमानानेच गेलास.

तू लिहिलंस, घोडीत आता तुझा काही संबंध नाही, मागची अर्धी पण मीच ठेवावी, तू सोडलीस. नाही रे. असं कसं? तू छातीवर हात ठेवून घेतलेली अर्धी आहे ती. मी कोणाचा हिस्सा दाबणारी नाही.

तर तुझ्या हिश्श्याचं मी काय करतेय ते ऐक.

बेकरीवाल्यांनी मला नाचणे रोड पण दिलाय. काजू आता आमच्या आळीनंतर तिकडे जाते. तुझ्या स्लॅबच्या घरापुढे थांबते. पहिल्या दिवशी मीच भोंगा वाजवला. तुळसा बाहेर आली. मला ओळखलं तिने. वाटलं, दार लावून घेईल. ती म्हणाली, "एक लादी. आणि त्या घोडीला काय देतात ते सांगा, मी आणते." मी म्हटलं, कड. तिने दोन कडा दिल्या. वरातीच्या दिवशी तिने कार्यालयाच्या खिडकीतून बघितलं होतं म्हणे, नवरदेव चालत येताना. म्हणाली, मला बरं वाटलं, ते घोडीवर असते तर मला त्यांचा चेहरा दिसला नसता.

मुलगी चांगली आहे. मला ते आवडलं नाही, पण आहे.

घरात सासू सोडली तर एकटीच असते. तुझं पत्र महिन्यातून एक येतं, ते तुझी आई मोठ्याने वाचते. तुळसा मला विचारत होती, घोड्यावर बसता येईल का, शिकवाल का? मी म्हटलं, बघू. शिकवीन बहुतेक. रविवारी, भाट्याच्या वाळूवर. तिला पडायची भीती नाही वाटत, हे चांगलं आहे. नाहीतर तुझ्याशी लग्न करायची हिंमत झाली नसती.

तर मुद्दा. काजू तुझ्या दारात थांबते, कडा खाते, आणि तिथेच शेण टाकते. रोज. अख्ख्या फेरीत दुसरीकडे कुठेच नाही. तुझ्या फाटकातच. मी शिकवलेलं नाही, शपथ. आधी तुझ्या आई नाक मुरडायच्या. आता तुळसा ते फावड्याने उचलते आणि अबोलीच्या आळ्यात घालते.

अबोली अशी फुललीय, रघू, फाटकाबाहेरून दिसते. काल तुळसाने गजरा करून मला पण दिला. मी घातला, शाळेत.

मागची अर्धी तुझी आहे. तुझ्या वाटणीचं रोज तुझ्या दारात पोचतं.

मालन